जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांखालची कट-कट: आवाज कसा शोधावा, कसा दुरुस्त करावा

गाडी पंधरा वर्षांची झाली आणि वाड्यावरच्या (वस्तीतल्या) गतिरोधकावरून उतरताना खालून 'कट-कट' ऐकू येऊ लागली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'शॉकर गेले, दोन्ही बदलून टाका.' शॉकर, म्हणजे हादरे जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर, बदलले जातात आणि पुष्कळदा कट-कट तशीच राहते. कारण आवाज करणारी वस्तू दुसरीच असते. कधी तो अंगठ्याएवढा बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोटीचा सांधा) असतो, कधी लिंक रॉडची सैल गोटी, कधी दबून सपाट झालेला रबरी बुश (जोडात बसवलेली रबरी नळी). आवाज नक्की कुठून येतो हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. हा लेख मुख्यतः तो शोध कसा घ्यायचा याबद्दल आहे. दुरुस्ती त्यानंतर येते, आणि ती तुलनेने सोपी असते.

गोव्यात हा शोध जरा वेगळा पडतो. समुद्राकडची खारी हवा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि डिचोली-साखळी-सत्तरीच्या पट्ट्यात चाकांखाली चिकटून बसणारी लाल माती, ही तिन्ही मिळून लोखंड आणि रबर लवकर खातात. बाहेरच्या राज्यात पाच मिनिटांत सुटणारा बोल्ट इथे अर्धा दिवस घेतो. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच कामाला बसा.

पुढे जे सांगितलं आहे ते पुढच्या चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांना लागू आहे: मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगनआर, सॅन्ट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट. जिप्सीला पुढेही पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतात, तिची तपासणी वेगळी.

१. खाली काय काय असतं ते आधी ओळखा

चाक ज्या जाड ओतीव तुकड्यावर बसतं तो नकल. नकलला वरून स्ट्रट धरतो. स्ट्रट म्हणजे शॉकर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून झालेला खांब. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं आणि त्या माउंटिंगमध्ये बेअरिंग असतं, कारण स्टेअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट फिरतो. खालून नकलला लोअर आर्म धरतो. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट आणि आतल्या टोकाला रबरी बुश असतात. स्टेअरिंगच्या रॅकमधून (चाकं वळवणाऱ्या दातेरी यंत्रणेतून) येणारी दांडी म्हणजे टाय रॉड, आणि तिच्या टोकाला टाय रॉड एंड.

राहिला स्टॅबिलायझर बार. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत गेलेली ही वाकडी सळी मधे दोन डी-बुशनी बॉडीला बांधलेली असते. स्विफ्टसारख्या गाड्यांत तिची टोकं लिंक रॉडने स्ट्रटला जोडलेली असतात. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोत लिंक रॉड नसतोच. तिथे बारचं टोक थेट लोअर आर्ममधून जातं आणि आर्मला पुढे-मागे सरकण्यापासून तोच बार रोखतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे एका चाचणीत तो जिवावर बेतू शकतो.

२. हत्यारं, सामान, कागद

- दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या, म्हणजेच जॅकस्टँड. गाडीबरोबर मिळालेला कात्री जॅक पंक्चरसाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.
- मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- १२, १४, १७ आणि १९ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच कसायचा)
- दोन-अडीच फुटांची टॉमी किंवा छोटी पहार
- ५ आणि ६ मिलिमीटरची ॲलन की
- बॉल जॉइंट सोडवायचा पुलर
- गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, टॉर्च, खडू, मोजपट्टी, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन)
- नव्या कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या दुहेरी पिना) आणि नवे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे)

कागदांपैकी आरसीची झेरॉक्स जवळ असू द्या. पार्टच्या दुकानात चेसिस नंबर सांगितल्याशिवाय बरोबर वर्षाचा पार्ट मिळेलच असं नाही. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी आर्म किंवा बुश बदललेला असतो. आधीच्या दुरुस्तीची बिलं आणि शेवटच्या व्हील अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवल्याचा) छापील कागद असेल तर तोही काढून ठेवा. जुने आकडे पाहिले की एका बाजूचा आर्म वाकलाय का याचा अंदाज येतो.

३. आवाज ऐका आणि वहीत लिहा

पाना उचलण्याआधी अर्धा तास यासाठी द्या. कोरडा दिवस निवडा. पावसात रबर ओलं असतं, त्यामुळे 'चूं-चूं' करणारे बुश गप्प बसतात. जूनमध्ये थांबलेला आवाज चतुर्थीनंतर ऊन पडलं की परत येतो, म्हणजे तो मधल्या काळात बरा झालेला नसतो.

डिकी रिकामी करा. जॅक, स्पेअर चाक, पाण्याची बाटली हे सगळं आधी बाहेर काढा. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. हवा जास्त झाली तरी प्रत्येक खड्डा ठोसा मारतो. मग काचा खाली करून कुंपणाच्या दगडी भिंतीलगत पंधरा-वीसच्या वेगाने गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळायला मदत होते. तरी कानावर पूर्ण विसंबू नका. आवाज लोखंडातून आडवा जातो, आणि डावीकडे ऐकू येणारी कट-कट उजवीकडचीही निघते.

प्रत्येक आवाजासमोर चार गोष्टी लिहा: वेग किती, रस्ता कसा, स्टेअरिंग सरळ होतं की वळलेलं, ब्रेकवर पाय होता का. मग पुढच्या खुणांशी ताडून पाहा.

पेव्हरच्या रस्त्यावर किंवा बारीक खडबडीत भागात हळू वेगाने सलग कट-कट येत असेल, तर लिंक रॉड किंवा डी-बुश. फेरीबोटीच्या फळीवरून चढताना एक चाक वर आणि एक खाली होतं, तेव्हा बार पिळला जातो. हा आवाज तिथे हमखास सापडतो.

मोठ्या खड्ड्यात एकच जड 'धब्ब' आला, तर शॉकर, त्यातला बंप स्टॉप (शॉकर पूर्ण दबला की टेकणारा रबरी ठोकळा) किंवा वरचं माउंटिंग.

जागेवर स्टेअरिंग फिरवताना 'टण्ण' किंवा 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर माउंटिंगचं बेअरिंग जाम झालेलं असतं. स्ट्रट फिरू शकत नाही, स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. स्प्रिंगचा वेढा तुटला असेल तरी असाच आवाज येतो.

ब्रेक मारताना एकदा 'ठक' आणि ब्रेक सोडून पुढे निघताना पुन्हा 'ठक', तर लोअर आर्मचा बुश. मारुती ८०० मध्ये बारच्या टोकाचे बुश.

सुकं चरचरणं किंवा चूं-चूं असेल, तर बुशचं रबर कडक झालंय किंवा बॉल जॉइंटमध्ये पाणी जाऊन ग्रीस धुऊन गेलंय.

खडबडीत रस्त्यावर आवाजाबरोबर स्टेअरिंगच्या चाकात बारीक थरथर जाणवली, तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा बुश.

४. सस्पेन्शनचे नसलेले आवाज आधी वगळा

यात दहा मिनिटं जातात आणि बराच मनस्ताप वाचतो. चाकांचे नट कसलेले आहेत का पाहा, सैल चाक अगदी बॉल जॉइंटसारखं वाजतं. बॅटरीची पट्टी, बॉनेटचा लॅच, चाकावरचं प्लास्टिकचं आवरण, सायलेन्सरचा पत्रा, सगळं हाताने हलवून बघा.

ब्रेक पॅडची क्लिप गेली किंवा कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन सैल झाली तर बारीक खड्ड्यांवर हुबेहूब लिंक रॉडसारखी कट-कट येते. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून त्याच खड्ड्यांवरून जा. आवाज थांबला तर दोष ब्रेकचा आहे, सस्पेन्शन उघडू नका.

स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ठेक्यात 'कट-कट-कट-कट' आली तर तो ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळता सांधा. वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग किंवा वेडावाकडा झिजलेला टायर.

५. गाडी चाकांवर उभी असताना करायच्या चाचण्या

सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा टॉर्चने नीट पाहा. त्याच्या बैठकीत लाल माती साचते, ती पावसाळाभर ओलसर राहते, आणि तिथेच वेढा गंजून तुटतो. तुटलेलं टोक टायरला भोकही पाडू शकतं.

बॉनेट उघडा. मदतनिसाला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडंथोडं फिरवायला सांगा आणि माउंटिंगवर तळहात ठेवा. बेअरिंग चांगलं असेल तर फिरणं गुळगुळीत लागतं, खराब असेल तर हाताला झटके बसतात. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोटं घालू नका. मग मदतनिसाला पुढची बाजू दाबून सोडायला सांगा आणि मधल्या नटकडे बघा. नट आणि रबर बॉडीपेक्षा वेगळे उड्या मारत असतील तर माउंटिंग गेलं. डावं-उजवं शेजारी ठेवून पाहिल्यासारखं ताडून पाहा, फरक लगेच दिसतो.

दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीन वेळा डोलली तर शॉकर कमजोर. पण डोलली नाही म्हणून शॉकर निर्दोष ठरत नाही. रॉडवरून तेल ओघळलंय का, धूळ अडवणारा रबरी बूट फाटलाय का हे पाहायलाच हवं. बूट फाटला की खाऱ्या हवेने रॉडच्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात. ते खड्डे वर-खाली होताना सील कापतात आणि मग तेल गळतं. रॉडवर नुसता तेलाचा पुसट ओलावा असेल तर घाबरू नका. धार किंवा थेंब असेल तरच बदला.

चरचरणाऱ्या आवाजासाठी साबणाचं पाणी बाटलीत भरा आणि एका वेळी एकाच बुशवर फवारून गाडी दाबा. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज थांबला तो तुमचा चोर. यासाठी तेल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नका. रबर फुगतं, मऊ पडतं आणि काही महिन्यांत गळून जातं. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीखाली जुनं इंजिन ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे, त्यात चांगले बुश फुकट जातात. मारायचंच असेल तर बुश आणि बॉल जॉइंटचे बूट प्लास्टिकने झाकून घ्यायला लावा.

६. गाडी उचलणं

कोकणात अंगणात चिरे सहज पडलेले असतात आणि गाडी टेकवायला हात आपोआप त्यांच्याकडे जातो. कृपा करून तसं करू नका. जांभा दगड सच्छिद्र असतो, गाडीचं वजन एका बिंदूवर आलं की तो काहीही इशारा न देता फुटतो. चाकामागे अडवायला चिरा चालेल, गाडीखाली कधीच नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच.

मातीच्या अंगणात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, जॅक आणि घोडी दोन्ही जमिनीत रुततात. काँक्रीटची जागा शोधा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक लावायच्या जागी दाराखालची पट्टी पेचकसाने टोचून बघा. इथल्या जुन्या गाड्यांत ती आतून कुजलेली असते आणि जॅक सरळ आत घुसतो. कुजली असेल तर घोडी पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) किंवा चेसिसच्या जाड भागाखाली लावा. घोडीवर गाडी टेकली की खाली जाण्याआधी बाहेरून जोराने हलवून पाहा.

७. चाक हलवून, टॉमी लावून

चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. खुळखुळ असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथली खुळखुळ टाय रॉड एंडची किंवा रॅकच्या आतल्या जॉइंटची. टाय रॉड एंडवर बोट ठेवलं की ती बोटाला लागते. रॅकमधली असेल तर बेलोज (रॅकच्या टोकावरचं घड्यांचं रबरी आवरण) दाबून आतला जॉइंट चाचपावा लागतो.

मॅकफर्सन गाडीत स्प्रिंगचं ओझं स्ट्रटवर असतं, लोअर बॉल जॉइंटवर नसतं. म्हणून चाक लटकतं ठेवूनच बॉल जॉइंट तपासायचा. आर्म आणि नकलच्या मधे टॉमी घालून हलकेच उचला. दिसेल एवढी हालचाल झाली तर जॉइंट बाद. आर्मच्या आतल्या बुशांनाही टॉमी लावा. रबराला वरवर बारीक चिरा असणं जुन्या गाडीत चालतं, पण रबर लोखंडी नळीपासून सुटलं असेल तर नाही.

लिंक रॉडच्या तपासणीत सगळेच फसतात. एकच चाक उचललं की बार पिळतो, लिंक ताणला जातो आणि झिजलेली गोटी घट्ट वाटते. दोन्ही पुढची चाकं एकदम हवेत ठेवा किंवा दोन्ही जमिनीवर ठेवा, आणि मग लिंक हाताने हलवा. तरीही शंका असेल तर दोन्ही लिंक सोडा, टोकं तारेने बाजूला बांधा आणि वाड्यातल्या रस्त्यावर हळू फेरी मारा. आवाज गेला तर निदान पक्कं. ही चाचणी मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोत करू नका. तिथे बार सोडला की लोअर आर्मला पुढे-मागे धरणारं काही उरत नाही आणि ब्रेक मारताच चाक मागे सरकतं.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये हाताला खुळखुळ लागली, किंवा स्प्रिंग तुटलेली दिसली, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका, चोर्ला किंवा अनमोड घाटात तर नकोच. बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर कलंडतं आणि स्टेअरिंगचा ताबा जातो. गॅरेजला न्यायची असेल तर टोइंगवर चढवून न्या.

८. पार्ट घेताना

जुना पार्ट काढून हातात घेऊनच दुकानात जा. डी-बुश बारच्या जाडीप्रमाणे येतो, आणि एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये बारची जाडी वेगळी असू शकते. बार व्हर्नियरने मोजा. एक मिलिमीटर मोठा बुश घातला तर नव्या बुशसकट जुनाच आवाज.

शॉकर, माउंटिंग, लिंक रॉड आणि डी-बुश जोडीने बदला. बॉल जॉइंट एका बाजूचा गेला असेल तर दुसरा तपासून ठरवा. लोअर आर्म डावा आणि उजवा वेगळा असतो. कंपनीचा पार्ट महाग वाटला तर गॅब्रिएलचे शॉकर किंवा राणेचे स्टेअरिंगचे जॉइंट असे नावाजलेले पर्याय आहेत, पण बिल घेऊन. लोअर आर्म आणि बॉल जॉइंट यांत निनावी स्वस्त माल नको, पैसे वाचवायची ती जागा नाही.

९. दुरुस्ती

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांची टोकं तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी पुन्हा मारा. अडलेला नट एका दमात ओढू नका. थोडा सोडा, थोडा परत कसा, पुन्हा सोडा. अशाने गंजाची भुकटी आट्यांमधून बाहेर पडते आणि बोल्ट तुटायचा वाचतो.

लिंक रॉड: नट फिरवला की आतली गोटीच गोल फिरते. आट्यांच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं किंवा मागे पाना धरायच्या सपाट बाजू असतात, तिथे धरा. भोक गंजून गोल झालं असेल तर नट ग्राइंडरने कापा, लिंक बदलायचाच आहे. कापताना ब्रेकचा होज आणि बूट ओल्या फडक्याने झाका.

डी-बुश: पट्टीचे बोल्ट बॉडीत जोडलेल्या नटमध्ये जातात. हा बोल्ट तुटला तर वेल्डिंग करणाऱ्याकडे जावं लागतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त सबुरी ठेवा. बुशच्या जागेवरचा बारचा गंज पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर नवं रबर महिन्याभरात खाल्लं जातं. बुशची चीर जुन्याची ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवा. बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

लोअर आर्म आणि बॉल जॉइंट: पुष्कळ गाड्यांत बॉल जॉइंटची खुंटी नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण खुंटीच्या खाचेत तो अडकलेला असतो. हे न कळल्यामुळे हातोडे मारून नकल वाकवल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये नेहमी दिसतात. बोल्ट काढल्यावर नकलची चीर छिन्नीने अगदी किंचित फाकवा आणि आर्म खाली दाबा. कॉटर पिनवाला जॉइंट असेल तर पुलर लावा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्यावर (खुंटी बसते त्या भोकाच्या कड्यावर) बाजूने हातोडा मारा, खुंटीच्या आट्यांवर कधीच नाही. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

काही आर्मवर बॉल जॉइंट वेगळा मिळतो, काहींवर आर्मसकटच घ्यावा लागतो. बुश वेगळे घेतले तर ते बसवायला लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर न्या. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा खडूने आर्मवर आखून ठेवा. हातोड्याने ठोकलेला बुश तिरका बसतो आणि लवकर फाटतो.

टाय रॉड एंड: लॉकनट ढिला करण्याआधी खूण करा आणि जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा. नवा तेवढ्याच फेऱ्यांत चढवा. कॉटर पिनचं भोक नटच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे कसून जुळवा. जुळवण्यासाठी मागे सोडणं ही मोठी चूक आहे.

स्ट्रट: इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लावल्याशिवाय मधला मोठा नट खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. नवशिक्यांनी स्ट्रट अख्खा बाहेर काढावा आणि स्प्रिंग उतरवण्याचं काम वर्कशॉपमध्ये करून घ्यावं. स्ट्रट काढताना नकलच्या दोन बोल्टांभोवती खडूने रेघ मारा, म्हणजे बसवताना चाकाचा कोन जवळपास तोच राहतो. ब्रेकचा होज क्लिपमधून सोडवा. कॅलिपर काढावा लागला तर तारेने बांधा, होजवर लटकवू नका. नवा शॉकर उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण खाली-वर करा, म्हणजे आतली हवा निघते. रॉड पकडीने धरू नका, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि बूट त्याच वेळी नवे घाला. फक्त शॉकर बदलून जुनं माउंटिंग ठेवलं की दोन महिन्यांत तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं.

१०. शेवटचं कसणं चाकं जमिनीवर ठेवून

नवे बुश वर्षभरात का फाटतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. आर्मच्या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म लटकत असताना बोल्ट कसला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. म्हणून आर्मचे बोल्ट आधी फक्त हाताने बसवा. गाडी खाली घ्या, दोन-तीन वेळा दाबून हलवा, चाकांवर वजन येऊ द्या, आणि मगच टॉर्क पान्याने कसा. खाली हात पोचत नसेल तर जॅक लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावून आर्म नेहमीच्या उंचीवर आणा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं आधी मोजलेलं अंतर इथे कामी येतं.

टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. जुन्या पुस्तकांत ते किलोग्रॅम-मीटरमध्ये (kg-m) असतात. पान्यावर न्यूटन-मीटर असेल तर ९.८ ने गुणा. काढलेला नायलॉक नट आणि कॉटर पिन परत वापरू नका.

११. अलाइनमेंट आणि पुन्हा ऐकणं

टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही उघडलं असेल तर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. लिंक रॉड आणि डी-बुशसाठी लागत नाही. दुरुस्तीच्या आधी केलेली अलाइनमेंट वाया जाते, कारण सैल जॉइंटवर घेतलेला आकडा गाडी दुकानाबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यायची असेल तर हा क्रम नक्की पाळा.

आता वही घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच भिंतीलगत फेरी मारा. मोठा आवाज गेल्यावर त्याखाली दबलेला एखादा छोटा आवाज पहिल्यांदाच ऐकू येतो. ती नवी चूक असेलच असं नाही. त्यासाठी पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि उघडलेले सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा. फेरीबोटीने रोज ये-जा असेल किंवा घर किनाऱ्याजवळ असेल तर दर पंधरवड्याला गाडीखाली गोडं पाणी मारा, स्प्रिंगच्या बैठकीतली माती बोटाने खरवडून काढा. बॉल जॉइंटचे आणि शॉकरचे बूट वर्षातून दोनदा टॉर्चने पाहा: मे महिन्यात पाऊस लागण्याआधी, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर.